एका चुलीला एकच नाव

अन्याय माझ्यावर झाला, दर्शना. तुझ्यावर नाही. आपण दोघी सातवीत होतो त्या वर्षी, होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, देवळाच्या सभामंडपात, गावकीच्या बैठकीत. मार्क जास्त होते माझे. नाव वाचलं गेलं तुझं.

हे आधी लिहून टाकते, कारण तुझं तेरावं झाल्यापासून गावात जो तो तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतोय की कुणीतरी मीठ टाकायला हवं. आपण मिठागरवाल्यांच्या पोरी. ते काम माझं.

तर ऐक. मुलांच्या शाळेच्या फीसाठी गावकी जी मदत देते, तिला आता तुझं नाव द्यायचं ठरतंय. सभामंडपात बोर्ड लागणार, तुझ्या फोटोसकट. फोटो कुठला, तर पेणच्या शाळेचा टाय घातलेला. नियम मात्र तोच जुना: एका चुलीला एकच मूल. येत्या रविवारी बैठक आहे. यंदा खालच्या आळीत एकाच घरातल्या दोन पोरी सातवी संपवतायत, वैष्णवी आणि तन्वी. चुलत बहिणी, आपल्यासारख्याच. दोघींना पेणच्या त्याच शाळेत जायचंय. फी दोघींच्याही बापांना झेपणारी नाही. रविवारी त्यातल्या एकीचं नाव वाचलं जाईल आणि दुसरी घरी येईल. ह्या वेळी तुझ्या नावानं.

मला तुझा हेवा वाटायचा हे तुला माहीत होतं. मला वाटलं होतं, तू गेल्यावर तरी तो थांबेल. नाही थांबला. तुला न्यायला एवढी माणसं आली की बांधापर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. पेणहून तुझ्या शाळेच्या बाई आल्या, रोह्याहून कंपनीतली शिफ्ट आली, गडबचे पाहुणे आले. आणि त्या गर्दीत रडत चालताना माझ्या डोक्यात काय होतं, सांगू? मी मेले असते तर ह्यातली निम्मी पण आली नसती. नाना डोळे पुसत होते. तेच नाना, गावकीचे मुख्य पंच, ज्यांनी त्या रविवारी नाव वाचलं. मला म्हणाले, "गावाचं सोनं गेलं गो मयुरी."

मी म्हटलं, "व्हय नाना. दुसरं तुम्ही पारखलंच नाय."

आईनं मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. अजून काळानिळा आहे.

तुला नियम समजावून सांगायला नको. पण हे पत्रक मी पेणला आणि रोह्याला पण वाटणार आहे, तिथल्या लोकांसाठी सांगते. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आमच्या गावाला बांध आहे. बांध फुटला की गावकी हाक देते आणि प्रत्येक चुलीमागे एक गडी घमेलं घेऊन जातो. घरात भाऊ कितीही असोत, जेवण एकत्र शिजत असेल तर चूल एक आणि गडी एक. बांधाला पाणी सोडायचं दार असतं, त्या उघाडीवरच्या मासळीचा दरवर्षी लिलाव होतो. तो पैसा गावकीचा. त्यातून फीची मदत. घेताना चुलीमागे एक, म्हणून देताना पण चुलीमागे एक. ऐकायला किती सरळ वाटतं! मी पण पंच असते तर कदाचित मान डोलावली असती.

आपली चूल एक होती. तुझे बाबा थोरले, माझे धाकटे. दोघंही मिठागरावर, मग मिठागर बंद झाल्यावर धरमतरच्या जेट्टीवर, कंत्राटात. तुझ्या आईला मी मोठी आई म्हणायचे आणि ती होतीच मोठी. माझ्या आईला साडी आवडली की दुकानात ती म्हणायची, "दोन द्या, एक माझ्या जावेला."

फीची सवलत मागायला दोघी जावा आपल्याला घेऊन पेणला गेल्या होत्या, आठवतं? ऑफिसातल्या मॅडमनी मान वर न करता सांगितलं, संस्था थोडी सूट देते, बाकीचं कोण भरणार ते लिहून आणा. गाव, कंपनी, ट्रस्ट, कुणीही. मोठी आई ताठ होऊन म्हणाली, "गाव भरंल मॅडम. आमच्या गावात माणुसकी हाय." मॅडमनी तेव्हा कुठे वर बघितलं. येताना स्टँडवर आपल्या दोघींत मिळून उसाच्या रसाचा एक ग्लास घेतला. तू आधी प्यायलीस. माझ्या वाट्याला फेस आला. हसू नको, मला ते पण लक्षात आहे.

बैठकीला बायका बसत नाहीत. म्हणून आपण देवळामागे खिडकीखाली उकिडव्या बसून ऐकत होतो. तू माझा हात घट्ट धरला होतास. नानांनी तुझं नाव वाचलं आणि तू हात सोडलास. किती वर्षांनी मी ते बोलून दाखवलं, तर म्हणालीस, "घाम आला होता गो येडे, म्हणून सोडला." असेल. पण नाव येईपर्यंत घाम आला नव्हता का?

माझी आई तडक सभामंडपाच्या दारात जाऊन उभी राहिली. आत नाही, दारात. म्हणाली, "माझ्या पोरीला मार्क जास्त हायत."

नाना म्हणाले, "मार्क शाळेत मोजतात वयनी. हितं चूल मोजतात."

"मग माझी चूल वेगळी धरा."

"वेगळी मांडा, मग धरू. वैशाख सरायच्या आत येऊन बघू. खरी असंल तर तुमची पण पोर घेऊ."

सगळी बैठक हसली. कारण आपल्या घरातल्या त्या दोघी वेगळ्या होतील ह्यावर गावात कुणाचाच विश्वास नव्हता.

त्या पण हसतच वेगळ्या झाल्या. पडवीत शेगडी आली, मध्ये जुनी साडी बांधली. भातुकली मांडावी तसं चाललं होतं. मोठ्या आईनं स्वतःचा चांगला तवा आईला दिला. म्हणाली, "दोन म्हैन्यांचा खेळ हाय. पोरी शाळेत लागल्या की परत एक करू." साडीच्या अलीकडून पलीकडे मीठ जायचं, लसूण जायचा, गप्पा जायच्या. आणि एक दिवस कालवण गेलं.

निवट्या मिळाल्या होत्या त्या दिवशी, खाडीतल्या, चिखलातून उड्या मारणाऱ्या. मोठ्या आईनं कैरी घालून कालवण केलं. माझ्या आईला निवट्या किती आवडतात ते तिला माहीत, म्हणून तिनं अर्धं काढलं आणि तुझ्या हाती पाठवलं. "आईनं दिलंय काकी," म्हणालीस. आईनं ते आपल्या टोपात ओतून घेतलं आणि तुला टोप धुऊन परत दिला. भात व्हायच्या आत पंच दारात.

नानांनी पडवीतलं झाकण उचललं. निवट्या. आत जाऊन दुसरं झाकण उचललं. निवट्या.

आई म्हणाली, "एका दिवशी दोन घरात निवट्या शिजत नाय का नाना?"

नानांनी दोन्हीकडचं बोटानं चाखलं. "शिजतात वयनी. पण हात एकच हाय ह्याला."

कुणी ओरडलं नाही, कुणी अपमान केला नाही. उलट पंच हसले, पाटावर बसले, त्याच कालवणाशी भात जेवले, चव चांगली हाय म्हणाले. जेवून उठले आणि नाही म्हणून गेले. माझ्या शाळेचा निकाल असा लागला, दर्शना. खोटी चूल मांडायची तर निदान दिवसभर तरी एकमेकींना काही द्यायचं नाही, एवढं साधं त्या दोघींना जमलं नाही.

मग भांडण. "तू दिलंस कशाला?" "तू ओतून घेतलंस कशाला?" साडी सुटली आणि तिथे प्लायवूड आलं. खेळातली चूल खरी झाली. पुढच्या साली बांधाला आपल्या घरातून दोन गडी गेले. गावकीचा फायदाच झाला बघ.

आता मी तुला कधी न विचारलेलं विचारते. त्या सकाळी तू देवळाजवळच्या नळावर पाण्याला गेली होतीस. पंच तिथेच जमतात. आज ते येणार, हे तुझ्या कानावर आलं होतं का? आणि कानावर येऊन पण तू तो टोप घेऊन साडी ओलांडलीस का? दोघी त्या शाळेत गेलो असतो तर पहिला नंबर माझा आला असता. ते तुला माहीत होतं, मला माहीत होतं. बस. आता उत्तर द्यायला तू नाहीस, आणि माझा प्रश्न काही तुझ्याबरोबर जळला नाही.

त्यानंतर तू टाय बांधून सकाळी पेणच्या गाडीला उभी राहायचीस आणि मी त्याच फाट्यावरून चालत हायवेच्या हायस्कूलला जायचे. माझी शाळा वाईट नव्हती. आमचे गणिताचे सर तुझ्या शाळेत असते तर त्यांचा फोटो माहितीपत्रकावर छापला असता. पण तुझ्याकडे प्रयोगशाळा होती आणि आमच्याकडे प्रयोगशाळेचं कुलूप होतं. तुझे काळे बूट मी रोज बघायचे. पावसात तू ते पिशवीत घालून अनवाणी चिखलातून जायचीस, आणि मी पण अनवाणीच, तेव्हा जरा बरं वाटायचं. फाट्यावर पोहोचल्यावर तू पाय पुसून ते घालायचीस, आणि झालं.

संध्याकाळी तू प्लायवूडला पाठ लावून मोठ्यानं इंग्रजी वाचायचीस. धडेच्या धडे. मला वाटायचं, ही मुद्दाम करते. आई म्हणायची, "मिरवते बघ." मी पलीकडे पाठ लावून सगळं ऐकायचे. पुढे कॉलेजात मी इंग्रजीत बोलले तेव्हा बाईंनी विचारलं, हे उच्चार कुठे शिकलीस? तुझ्या चुकांसकट पाठ केलं होतं मी. तू मिरवत होतीस की मला शिकवत होतीस, हेही राहिलं विचारायचं. तू म्हणाली असतीस, "दोन्ही." तुझं ते ठरलेलं उत्तर. दोन्हीतलं एक कधी निवडायचंच नाही. निवडायची वेळ तुझ्यावर कधी आली होती?

आपण खऱ्या बोललो त्या रोह्याला. तू कंपनीच्या लॅबमध्ये लागलीस, तिथेच खोली घेतलीस. मी शाळांच्या फाटकांबाहेर पत्रकं वाटत फिरायचे: फीची मदत कुणाकडे मागायची, नाही म्हणाले तर कुणाकडे जायचं, मुलाचा दाखला अडवला तर काय करायचं. तू शिफ्ट सुटली की वडापाव घेऊन यायचीस आणि माझं पत्रक वाचून म्हणायचीस, "मयू, ह्यातलं एक तरी वाक्य ओरडल्याशिवाय बोलतं का गो?" मग पेन काढून माझी उद्गारचिन्हं खोडायचीस. मी चिडायचे. पुढचं पत्रक छापताना मात्र ती गाळायचे. तुला सांगितलं नाही.

एकदा नदीच्या कठड्यावर बसून मी तुला म्हटलं, "तू उभी राहा. सभेत सांग की नियम चुकीचा होता. तू बोललीस तर ऐकतील. मी बोलले तर म्हणतील, हिचं जळतं."

"जळतंच ना तुझं."

"जळतं. म्हणून नियम बरोबर होतो का?"

तू वडापावच्या कागदाला घड्या घातल्यास. मग म्हणालीस, "मी उभी राहिले तर मला मिळालं ते चोरीचं होतं असं होईल. मी काय चोरलं नाय मयू. माझं नाव वाचलं, मी गेले, अभ्यास केला. आणि नियम काय वाईट नव्हता. बांधाला चुलीमागं गडी घेतात ते बरोबरच हाय ना?"

"बांधावर घरातला कुणीही गेला तरी चालतो. माझ्याऐवजी शाळेत तू जाऊन कसं चालेल?"

मला वाटलं जिंकले. तेवढ्यात तू विचारलंस, "तुला मला मिळालं ह्याचा राग हाय, का तुला नाय मिळालं ह्याचा?"

मी म्हटलं, "दोन्ही."

तू इतकी हसलीस की कठड्यावरून पडतेस की काय वाटलं. "शिकलीस गो," म्हणालीस. मग पर्स खांद्याला लावता लावता बोललीस ते अजून टोचतं: "शाळांच्या विरोधात काढतेस, सरकारच्या काढतेस, कंपनीच्या काढतेस. गावकीच्या विरोधात एक तरी पत्रक काढून दाखव. पेण-रोह्यात कुणी पण ओरडंल. गावात ओरड."

हे घे. ओरडले. उद्गारचिन्ह एकच राहिलंय, शोध.

दवाखान्यात तुला खिडकीजवळची खाट मिळाली होती. मी म्हटलं, "इथे पण खिडकी तुलाच." तू हातातली सुई दाखवलीस, "ये, बदलू जागा." मी बसले शेजारी. बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी टोपाचा विषय काढणारच होते, तेवढ्यात मोठी आई डबा घेऊन आली. पुढच्या वेळी विचारू म्हटलं. पुढची वेळ तू ठेवली नाहीस. मरतानासुद्धा शेवटचा शब्द तुझ्याकडेच राहिला, आणि तो तू बोललीच नाहीस. ह्याचा मला राग आहे. ह्याच्याइतका कशाचाच नाही.

सुतकात आपल्या घरात चूल पेटली नाही. तुमची पण नाही, आमची पण नाही. भावकीतल्यांनी रांधलेलं चालत नाही म्हणून पाहुण्यांकडून भात-वरण यायचं. पहिल्या दिवशी डबे प्लायवूडच्या दोन बाजूंना वेगवेगळे ठेवले गेले, सवयीनं. दुसऱ्या दिवशी मोठी आई जेवेना. तुझे बाबा समजावून थकले. तेव्हा माझी आई उठली, आपलं ताट उचललं आणि तिकडे गेली. मी मागे गेले. आई तिच्यासमोर बसली, भात कालवला आणि म्हणाली, "घे. एक घास."

मोठी आई ताटाकडे बघत म्हणाली, "तुला आवडतात म्हणून पाठवलं होतं गो मी ते कालवण. दुसरं मनात काय नव्हतं."

"ठाऊक हाय."

"मग बोलली का नायस इतकी वर्षं?"

"तू बोलली का नायस?"

आणि दोघी एका ताटात जेवल्या. रडत, नाक ओढत, एकमेकीचा पदर वापरत. मी दारात उभी होते. मी ह्या दोघींना एक करायला काय काय केलं होतं, दिवाळीला, माझ्या नोकरीच्या पेढ्यांना, आईच्या ऑपरेशनला. हलल्या नाहीत. तू मेलीस आणि हललं. हे पण तुलाच जमायचं होतं. तुझा हेवा वाटला मला तेव्हा, दर्शना, इतका की बाहेर जाऊन उभी राहिले. आणि तिथे उभी असताना पहिल्यांदा तुझी आठवण नुसती आठवण म्हणून आली. टाय नाही, बूट नाहीत. आपण दोघी एका गोधडीत, आणि तू माझे थंड पाय तुझ्या पोटऱ्यांना लावून घेतेयस, शिव्या देत. तेवढ्यासाठी तुझे उपकार. कुणाच्या बोर्डावर ते लिहिता येणार नाही.

तेराव्याच्या दिवशी, पंगत उठल्यावर, तन्वीची आई मला बाजूला घेऊन गेली. वैष्णवी थोरल्या भावाची, म्हणजे नाव तिचंच वाचणार, हे तिला कळून चुकलंय. हळूच विचारलं, "मयुरीताई, तुला ठाऊक असंल म्हणून इचारते. पडवीत शेगडी मांडली तर धरतील का गो वेगळी चूल? जाऊबाई तयार हाय. हसतेय ती."

हसतेय ती. मी तिला म्हटलं, शेगडी आणू नकोस. रविवारपर्यंत थांब.

म्हणून आता तुझ्याशी बोलणं पुरे, दर्शना. तुझा बोर्ड लागू दे, फोटो पण टाय घातलेलाच लागू दे, मी त्याच्याकडे रोज वाकड्या तोंडानं बघेन. पण तुझ्या नावाखाली परत एका घरात प्लायवूड लागणार असेल तर तो बोर्ड मी स्वतः उतरवेन, आणि नानांना हे आधीच सांगून ठेवलंय.

आता तुम्ही, जे हे वाचताय ते. पेण-रोह्यातले असाल तर तुमच्या गावकीत, मंडळात, ट्रस्टमध्ये फीची मदत घरामागे मोजतात की मुलामागे, ते ह्या आठवड्यात विचारा. आमच्या गावचे असाल तर रविवारी सकाळी सभामंडपात या. बायांनो, खिडकीखाली नाही, दारात नाही, आत येऊन बसा. पंचांना दोन नावं वाचायला सांगा, वैष्णवी आणि तन्वी. पहिलं नाव वाचलं की टाळ्या वाजवू नका. दुसरं वाचेपर्यंत जागचं उठू नका.